मौनाची सभा

सभा म्हटली की आपल्याकडे आरडाओरड आलीच. क्वेकर या ख्रिस्ती पंथाची पारंपरिक उपासना याच्या अगदी उलट. समोर ना पुरोहित, ना मूर्ती. तासभर सारे गप्प बसतात. आतून प्रेरणा झालीच तर एखादा उठून चार शब्द बोलतो. शेवटी हस्तांदोलन, की झाली उपासना! सेवाग्रामला नयी तालीमचे काम करणाऱ्या मार्जरी साइक्स (१९०५–१९९५) याच पंथाच्या.

मला मोल वाटते ते त्यांच्या कामकाजाचे. मतदान नसतेच. कुणाचा मनापासून विरोध दिसला तर पुन्हा मौन, नाहीतर निर्णय पुढच्या सभेवर. पटलेले लेखनिक तिथेच लिहून वाचून दाखवतो. वेळ फार जातो, हे खरे. पण नांदगावकडे एका गावात पाण्याच्या पाळ्यांचा ठराव ७ विरुद्ध ५ मतांनी झाला, आणि त्याच रात्री पाट फुटला.