७७७ दिलं, तरी फाइल उघडत नाही

लिनक्स सर्व्हरवर वेबसाइट चढवली आणि ब्राउझरमध्ये ४०३ (प्रवेश नाकारला) दिसलं, की अनेकांचा हात आधी ‘सीएचमॉड ७७७’कडे जातो. वाचायला, लिहायला, चालवायला सगळ्यांना मुभा दिली. आता अडवणार कोण?

रेड हॅट किंवा फेडोरावर अडवते ती एसईलिनक्स ही कर्नलमधली सुरक्षा यंत्रणा. तिथे परवानगी दोनदा तपासली जाते. कर्नल आधी मालक, गट आणि इतर यांचे नेहमीचे हक्क बघतो. तिथे होकार मिळाला तरच एसईलिनक्सला विचारतो. त्यामुळे पहिला नकार एसईलिनक्सला फिरवता येत नाही आणि एसईलिनक्सचा नकार ७७७ने हटत नाही. साइट बंदच राहते, वर फाइल मात्र भलत्याच खात्यांना बदलता येऊ लागते.

मग एसईलिनक्स असताना साधे हक्क ढिले ठेवले तर? हा समज जास्त घातक आहे. नेहमीच्या ‘टार्गेटेड’ धोरणात वेबसर्व्हरसारख्या सेवांवर बंधन असतं. लॉगिन केलेले सामान्य वापरकर्ते बहुधा मोकळेच असतात. एकाच्या फाइली दुसऱ्यापासून राखायचं काम तिथे साध्या हक्कांनाच करावं लागतं.

‘रूटला सगळं माफ’ हेही अर्धंच खरं. नेहमीच्या हक्कांपुढे रूट सहसा अडत नाही, पण बंधनातली सेवा रूट म्हणून चालली तरी तिला धोरणाबाहेर जाता येत नाही.

सगळ्यात जास्त वेळ खाणारी चूक लेबलची. एसईलिनक्स होकार-नकार ठरवतं ते प्रत्येक फाइलला चिकटवलेल्या या लेबलवरून. घरच्या फोल्डरमधून फाइल ‘एमव्ही’नं हलवली, तर ती जुनं लेबल घेऊनच येते, ‘सीपी’नं नवी प्रत केली, तर साधारणपणे नव्या फोल्डरचं लेबल मिळतं. हक्क अचूक असूनही वेबसर्व्हर अडतो तो इथे. उपाय एका आदेशाचा: ‘रिस्टोअरकॉन’. उबुंटूच्या ॲपआर्मरमध्ये नियम फाइलच्या मार्गावर असतात, म्हणून हा घोळ तिथे होत नाही.

‘सेटएन्फोर्स ०’ हा इलाज नव्हे. त्यानं नकार फक्त नोंदले जातात, लागू होत नाहीत. शोध घेण्यापुरता तो वापरावा आणि लगेच पूर्ववत करावा. ऑडिट लॉगमध्ये कोणत्या प्रक्रियेला कोणत्या लेबलवर नकार मिळाला ते लिहिलेलं असतं. तिथे काहीच नसेल, तर बहुधा विचारणा एसईलिनक्सपर्यंत पोचलेलीच नसते. अशा वेळी फाइलपर्यंतच्या प्रत्येक फोल्डरवर ‘एक्स’चा, म्हणजे आत शिरण्याचा, हक्क आहे का, ते तपासावं.