वारसा बियाण्याचा आणि बांधीचा

मृग लागला की सौंदडच्या परिसरात धानाच्या बियाण्याची लगबग सुरू होते. एकाच वाणाच्या दोन पिशव्या दोन शेतकरी घेऊन जातात. एकाच्या बांधीत पाणी टिकते, परे वेळेवर तयार होतात, रोवणी साधते. दुसऱ्याची बांधी उंचवट्यावर. पाऊस लांबतो आणि परे जून होऊन जातात. दिवाळीनंतर दोघांच्या धानात केवढी तफावत! ती पाहून कोणताही जाणता व्यापारी एकट्या बियाण्याला दोष देत नाही. तोच व्यापारी घरी आल्यावर मात्र सहज म्हणतो, "शुगर आमच्या घराण्यातच आहे. बाबूजींना होती, मला झाली, मुलालाही होणारच." धानाला लावलेला न्याय आपण देहाला का लावत नाही?

वारसा खोटा नाही. प्रौढपणी जडणाऱ्या मधुमेहाशी निगडित असे शेकडो जनुकीय फरक शास्त्रज्ञांना सापडले आहेत. परंतु त्यांतील बहुतेकांचा वाटा अत्यल्प असतो. त्यांतून मिळते ती प्रवृत्ती. तयार रोग नव्हे. एका माणसाच्या व्याधीत अमुक टक्के रक्ताचे आणि अमुक टक्के राहणीचे, अशी वाटणीही करता येत नाही. धानाच्या एका लोंबीत बियाण्याचा भाग किती आणि पाण्याचा किती, हे कोण सांगणार?

शिवाय देहाची ही बांधी जन्माच्या आधीच, आईच्या उदरात तयार होऊ लागते. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळील सहा खेड्यांत याचा अभ्यास केला. तेथील नवजात बाळांचे सरासरी वजन सुमारे २.७ किलो, तर इंग्लंडमधील साउदम्प्टनच्या बाळांचे ३.५ किलो भरले. आपल्या बाळांचे स्नायू कमी होते. त्वचेखालील चरबी मात्र त्या मानाने टिकून होती. दिसायला कृश, परंतु आतून मेदयुक्त! २००४ मध्ये 'लॅन्सेट' या नियतकालिकात डॉ. याज्ञिक व त्यांचे लंडनचे सहकारी डॉ. जॉन युडकिन यांचे एक छायाचित्र प्रसिद्ध झाले. उंचीच्या मानाने वजनाचा दोघांचा निर्देशांक एकच, २२.३. शरीरातील चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के! "मी तर सडपातळ आहे" हे समाधान आपल्याला का पुरत नाही, ते यावरून उमगते.

याच अभ्यासात आढळले, की ज्या गर्भवतींच्या आहारात दूध, फळे व पालेभाज्या अधिक वेळा होत्या, त्यांची बाळे अधिक भरदार जन्मली. ज्या मातांच्या रक्तात ब-१२ जीवनसत्त्व कमी आणि फोलेट अधिक होते, त्यांच्या मुलांत सहाव्या वर्षीच इन्सुलिनला दाद न देण्याची प्रवृत्ती अधिक दिसली. शाकाहारी घरात ब-१२ मिळते ते मुख्यत्वे दूध-दह्यातून. तेव्हा सर्वांची जेवणे आटोपल्यावर उरलेसुरले सुनेने खावे, ही रीत केवळ तिच्यावरचा अन्याय नाही. पुढील पिढीच्या आरोग्याशीही तिचा संबंध आहे. सुनेची ब-१२ तपासणी करवून, आवश्यक तर डॉक्टरांच्या सल्ल्याने गोळी सुरू करणे, हेही वडीलधाऱ्यांचेच काम.

आणि ज्यांचा जन्म होऊन पन्नास वर्षे उलटली, गादीवर बसून ज्यांचा दिवस जातो, त्यांचे काय? रक्तातील साखर वाढू लागलेल्या, परंतु मधुमेह न जडलेल्या ५३१ भारतीयांवर चेन्नईच्या डॉ. ए. रामचंद्रन यांनी केलेला प्रयोग २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. नेहमीचाच दिनक्रम ठेवलेल्या गटात तीन वर्षांत दर शंभरांमागे ५५ जणांना मधुमेह झाला. आहार आवरून रोज अर्धा तास भरभर चालण्याचा सल्ला ज्यांना नेटाने दिला गेला, त्या गटात ३९ जणांना. रोग सर्वांचा टळला नाही. पण दर शंभरांत सोळा जण त्या काळात त्यापासून दूर राहिले. वारसा तोच, परिणाम निराळा.

पूर्वजांनी दिलेले बियाणे परत करता येत नाही. बांधी मात्र आपल्या हाती आहे. दुकान उघडण्यापूर्वीची अर्ध्या तासाची पायपीट, वर्षातून एकदा रक्ततपासणी आणि घरातील लेकी-सुनांचे भरलेले ताट, एवढी मशागत प्रत्येक घराला परवडते. "आमच्या घराण्यातच आहे" हे वाक्य यापुढे निमूटपणे शरण जाण्यासाठी नव्हे, तर वेळीच सावध होण्यासाठी उच्चारले जावे.