चिखलणीच्या बैलाचा खांदा

शिवथरसारख्या डोंगरकुशीतल्या गावांत भाताची खाचरं पायऱ्यांसारखी उतरत येतात. काही इतकी लहान, की पॉवर टिलर वळवायलाही जागा नसते. तिथे बैलजोडीला अजून पर्याय नाही. 'कोकण कपिला' ही या पट्ट्यातली नोंदणीकृत जात. अंगानं लहान, पण दमट हवा आणि चढउतार सोसणारी. तिला डिझेल लागत नाही आणि शेण पुन्हा शेतातच जातं.

जोडीची सलग ताकद जेमतेम एक अश्वशक्ती, म्हणजे ७४६ वॅट (मोजमापाला नाव मात्र घोड्याचं!). ती सगळी मानेवरच्या लहानशा जागेतून नांगरापर्यंत पोचते. पावसात भिजलेली कातडी, खडबडीत जू, उंचीला विजोड जोडी, यांतून खांदेसूज होते. दुखणाऱ्या बैलाला आळशी ठरवून चाबूक ओढणं चूकच.

खांदा गरम लागला, सुजला, की जोत सोडावं. सुरुवातीला थंड पाण्यानं शेकावं. गाठ किंवा पू दिसल्यास पशुवैद्यकाला दाखवावं, घरी चिरू नये. जू तासून गुळगुळीत करावं. खांदा पुरता बरा होईपर्यंत बैल जुंपू नये, मग चिखलणीला शेजाऱ्याची जोडी मागावी लागली तरी चालेल.