खिशातला कागदी रुमाल आणि पन्नासची नोट

गेल्या रविवारी वॉशिंग मशीनचं झाकण उघडलं, तर आत कुणी कापूस पिंजून ठेवावा तसा पांढरा भुगा. काळ्या पँटवर, मुलीच्या गडद निळ्या युनिफॉर्मवर, मोज्यांच्या आतसुद्धा. आदल्या रात्री बाहेर जेवायला गेलो होतो, तेव्हा खिशात कोंबलेला कागदी रुमाल तसाच धुण्यात गेला होता. त्याच खिशात पन्नासची एक नोट होती. ती मात्र घडीसकट शाबूत! ओलीचिंब, पण एक कोपराही फाटलेला नाही.

दोन्ही कागदच. दोन्हींचं मूळ द्रव्यही एकच, सेल्युलोज. मग एकाच ड्रममध्ये, एकाच पाण्यात घुसळून निघाल्यावर एकाचा लगदा झाला आणि दुसरा टिकला, हे कसं?

कागदात ना वीण असते ना शिवण. लाकडाच्या लगद्यातले एक-दोन मिलिमीटर लांबीचे तंतू पाण्यासकट जाळीवर गाळले की ते आडवेतिडवे एकमेकांवर पडतात. पाणी उडून जाताना शेजारशेजारच्या तंतूंमध्ये हायड्रोजन बंध जुळतात. एकेकटा बंध दुबळा, पण ते असतात अब्जावधी, म्हणून कागद कागद राहतो. कागदी रुमाल गालाला मऊ लागावा म्हणून त्यात हे बंध मुद्दामच कमी ठेवतात. तो भिजला की पाण्याचे रेणू तंतूंच्या मधे शिरतात, बंधांच्या जागा बळकावतात, आणि कागद जिथून आला त्या लगद्यात परत जातो.

आपल्या नोटेचा कागद शंभर टक्के कापसाचा. कापसाचा एक तंतू म्हणजे सरकीच्या सालीवर उगवलेली एकच पेशी! जाडी माणसाच्या केसाच्या साधारण चौथाईइतकी आणि लांबी इंचभर. बोंड फुटलं की ही पोकळ नळी वाळून चपटी होते आणि आपोआप पीळ घेते. त्या पिळामुळेच तंतू एकमेकांना धरतात आणि कापसाचं सूत होतं. गिरणीत कापूस विंचरताना जे आखूड तंतू सुतासाठी बाद होतात, ते नोटांच्या कागदाला चालतात. तिथे ते कुटून त्यांची टोकं विस्कटतात, म्हणजे ते एकमेकांत घट्ट गुंततात. वर ओलाव्यातही न सुटणारं राळेसारखं द्रव्य मिसळतात. सुतातून बाद झालेला हा कापूस शेवटी चलन होऊन आपल्या खिशात येतो, हे कळल्यापासून मी नोट हातात घेतली की आधी तिचा पोत बोटांनी चाचपतो.

पण पँटचं काय? मी ती पुन्हा मशीनमध्ये टाकायला निघालो होतो. आईने अडवलं. ‘‘परत पाण्यात घालू नकोस. कडक वाळू दे आधी, मग झटक.’’ तिचं म्हणणं शास्त्राला धरून आहे. ओला लगदा कापडाला पाण्याच्या पातळ थराने चिकटलेला असतो, चोळला की विणीत आणखी आत जातो. पूर्ण वाळला की त्याचे कडक, ठिसूळ पापुद्रे होतात. गच्चीत पाच-सहा सणसणीत झटके दिले आणि बहुतेक सगळं वाऱ्यावर गेलं.

उरली बारीक लव. ती पांढऱ्या सुती पायजम्यावरून केव्हाच निघाली होती, टेरिकॉटच्या पँटला मात्र चिकटून बसली होती. इथे पाण्याचीच दुसरी करामत दिसते. नेहमीच्या हवेत शंभर ग्रॅम कापूस आठेक ग्रॅम पाणी धरून ठेवतो, पॉलिस्टर अर्धा ग्रॅमही नाही. ओलाव्यातून विद्युतभार निसटून जातो. कोरड्या पॉलिस्टरवर तो साचतो आणि हलकी लव ओढून घेतो. म्हणून विदर्भातल्या कोरड्या थंडीत हा त्रास जास्त, मुंबईच्या पावसाळ्यात कमी. उपायही त्यातच आहे. भांडी घासायचा रबरी हातमोजा किंचित ओला करून एकाच दिशेने फिरवायचा. भार निघून जातो आणि लवेच्या वळ्या होऊन हातात येतात.

खरं तर भुगा नेहमी रुमालाचाच असतो असं नाही. टर्किश टॉवेलमध्ये सैल पिळाच्या सुताची हजारो वेटोळी असतात. नवा टॉवेल पहिली काही धुणी आपले सुटे तंतू सोडत राहतो, म्हणून तो काळ्या कपड्यांबरोबर धुवू नये. मशीनच्या जाळीत साचतो तो राखाडी गोळा एकदा वाळवून भिंगाखाली बघा. राखाडी रंगाचा तंतू त्यात शोधावा लागतो! मला निळे, कुंकवासारखे लाल, पोपटी, पांढरे तंतू दिसले, एक सोनेरी जरीचा तुकडाही. घरातल्या सगळ्यांच्या कपड्यांचे रंग एकत्र आले की लांबून ते राखाडी दिसतात.

नोट मी वर्तमानपत्रात दाबून वाळवली. दुसऱ्या दिवशी भाजीवाल्या मावशींनी ती उजेडाकडे धरली. कोऱ्या जागेत गांधीजींचा चेहरा होता तसाच उमटला. तो शाईचा नसतोच. कागद ओला असतानाच तंतूंचा थर कुठे जाड, कुठे पातळ ठेवून घडवलेला असतो. मावशींनी नोट कनवटीला लावली आणि कोथिंबिरीच्या दोन जुड्या माझ्या पिशवीत टाकल्या.