जुना कॉम्प्युटर भंगारात काढण्याआधी हे वाचा. फुकटचं लिनक्स कुणाला चालेल, कुणाला नाही?

झेरॉक्सचं दुकान असो, कृषी सेवा केंद्र असो की घरी पोरांच्या अभ्यासाला घेतलेला कॉम्प्युटर, अनेकांवर विंडोज १० आहे. त्याला मिळणारी मोफत सुरक्षा अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी बंद झाली. नोंदणी करणाऱ्यांना कंपनीने वर्षभराची मुदतवाढ दिली, एवढाच काय तो दिलासा. कॉम्प्युटर चालू राहतो, पण विंडोजमधल्या नव्या सुरक्षा त्रुटी दुरुस्त होत नाहीत.

विंडोज ११ टाकावं म्हटलं, तर त्याला टीपीएम २.० ही सुरक्षा चिप आणि नवा प्रोसेसर लागतो. इंटेलचा असेल तर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा. म्हणजे २०१७ च्या आधीचे बहुतेक कॉम्प्युटर बाद. मग कुणीतरी चार-पाचशे रुपयांत ‘क्रॅक’ केलेलं विंडोज मारून देतो. अशा क्रॅक फाइलींतूनच अनेकदा व्हायरस आत येतो आणि उधारीची वही, ग्राहकांची कागदपत्रं धोक्यात येतात.

लिनक्स म्हणजे काय?

विंडोजसारखीच कॉम्प्युटर चालवणारी ही दुसरी प्रणाली. फिनलंडमधल्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने १९९१ मध्ये तिचा गाभा लिहिला आणि सगळ्यांसाठी खुला केला. आपल्या हातातल्या अँड्रॉइड मोबाईलचा गाभाही लिनक्सच आहे. केरळच्या सरकारी शाळांमधले कॉम्प्युटर गेली अनेक वर्षं लिनक्सवर चालतात.

घरचं बियाणं जसं शेजाऱ्याला देता येतं, तसं लिनक्स एकाने उतरवून घेतलं की अख्ख्या गावाला वाटता येतं. त्यात चोरी नाही, लायसनची भानगड नाही. उबुंटू, लिनक्स मिंट, सी-डॅकने तयार केलेलं ‘बॉस’ असे त्याचे अनेक प्रकार आहेत. विंडोजची सवय असलेल्यांना मिंट सोपं जातं. त्याला किमान २ जीबी रॅम लागते. ४ जीबी असेल तर बरं.

घरी काय चालतं?

जवळपास सगळं. फायरफॉक्स किंवा क्रोममध्ये सातबारा पाहणं, परीक्षेचा फॉर्म भरणं, यूट्यूब, नेट बँकिंग ही कामं होतात. वर्ड-एक्सेलच्या जागी लिबरऑफिस मिळतं. ते वर्ड आणि एक्सेलच्या फाइली उघडतं, मात्र कधीकधी मांडणी थोडी हलते. म्हणून अर्ज पाठवताना पीडीएफ करून पाठवावा. मराठी टायपिंगसाठी इनस्क्रिप्ट कीबोर्ड सेटिंगमधून जोडता येतो.

धंद्यात कुठे अडतं?

दुकानदाराने आधी या चार गोष्टी तपासाव्यात.

१. हिशेब: टॅली विंडोजसाठी बनलेलं आहे. सीएला टॅलीचा डेटा द्यावा लागत असेल तर विंडोज ठेवावंच लागेल. साधं बिल आणि उधारी लिबरऑफिसमध्ये भागते.

२. अंगठ्याचं मशीन: आधारवर पैसे काढून देणाऱ्यांच्या मशीनचं सॉफ्टवेअर मुख्यतः विंडोज आणि अँड्रॉइडसाठी असतं. सेवा केंद्र चालवणाऱ्यांनी कामाचा कॉम्प्युटर घाईने बदलू नये. डिजिटल सहीचं डोंगल असेल तर तेही आधी चालवून बघावं.

३. प्रिंटर: एचपीचे बरेच प्रिंटर फारशा खटपटीशिवाय चालतात. पण अनेक दुकानांत दिसणाऱ्या कॅनन एलबीपी २९०० ला बरीच डोकेफोड करावी लागते.

४. जुन्या मराठी फाइली: युनिकोडमध्ये टाइप केलेल्या फाइली नीट दिसतात. श्रीलिपीसारख्या जुन्या पद्धतीतल्या पत्रिका, बॅनर विंडोजवरच उघडावे लागतील.

यातलं एखादंच काम अडत असेल, तर एकाच कॉम्प्युटरवर विंडोज आणि लिनक्स दोन्ही ठेवता येतात. चालू करताना हवं ते निवडायचं. इंटरनेट लिनक्सवर, टॅली विंडोजवर, अशी वाटणी करता येते.

आधी चाखून बघा

मिंटची फाइल सुमारे ३ जीबीची आहे. मोबाईलच्या रोजच्या दीड जीबीत ती बसत नाही, तेव्हा वायफाय असेल तिथून उतरवून घ्यावी. रुफस या मोफत सॉफ्टवेअरने ती ८ जीबीच्या पेनड्राइव्हवर टाकावी. त्या वेळी पेनड्राइव्हमधलं सगळं पुसलं जातं, म्हणून रिकामाच घ्यावा.

मग पेनड्राइव्ह लावून कॉम्प्युटर सुरू करताना बूट मेनू उघडावा. त्यासाठी कंपनीनुसार एफ १२, एफ ९ किंवा एस्केप बटण असतं. लिनक्स पेनड्राइव्हवरूनच चालू होतं, आतल्या विंडोजला हात लागत नाही. थोडं हळू चालेल, पण प्रिंटर, वायफाय, आवाज, रोजच्या वेबसाइट सगळं तपासता येतं. नाही पटलं तर पेनड्राइव्ह काढा, कॉम्प्युटर होता तसाच.

पटलं तरच कायमचं टाकावं. त्याआधी फोटो, हिशेब, कागदपत्रं दुसऱ्या डिस्कवर काढून ठेवावीत. टाकताना ‘सगळी डिस्क पुसा’ हा पर्याय निवडला तर आतलं काहीच उरत नाही. दोन्ही ठेवायचे असतील तर ‘विंडोजसोबत’ हा पर्याय घ्यावा.

शिकायला आयआयटी मुंबईच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पाचे लिनक्स आणि लिबरऑफिसवरचे धडे मराठीतही मोफत आहेत.

आणि एक लक्षात असू द्या. लिनक्सवर व्हायरसचा त्रास कमी, पण फोनवर ओटीपी मागणारा भामटा कुठल्याही प्रणालीत तोच असतो. ओटीपी कुणालाच सांगायचा नाही.