चौकटीतला माणूस कोणत्या धर्माचा?

चित्रकथेच्या एका चौकटीत जागा फार थोडी असते. दोन-अडीच इंचांत तीन-चार माणसं बसवायची, मागे इमारत, वर बोलण्याचा फुगा. वाचक तिथे क्षणभर थांबतो आणि पुढे जातो. तेवढ्यात त्याला कळावं लागतं, यातला नायक कोण, गुंड कोण, दुकानदार कोण. कादंबरीकाराला माणूस उभा करायला चार पानं मिळतात. चित्रकाराच्या वाट्याला एक टोपी, एक दाढी, कपाळावरची एक रेघ येते. म्हणून गर्दीत मुसलमान दाखवायचा तर जाळीची टोपी, पारशी दाखवायचा तर डगली, ख्रिस्ती बाई दाखवायची तर फ्रॉक आणि गळ्यात क्रॉस.

या खुणा खोट्या नाहीत. असे कपडे घातलेली माणसं दादरच्या पुलावर रोज दिसतात. पण ज्यांच्या कपड्यांवरून धर्म सांगताच येणार नाही अशी माणसं त्याच पुलावर कितीतरी जास्त असतात. त्यांत कोकणी मुसलमान असतात, ईस्ट इंडियन ख्रिस्ती असतात, दादर पारशी कॉलनीतली मुलं असतात, बौद्ध असतात. चित्रात मात्र खूण नसलेला प्रत्येक जण वाचकाच्या मनात आपोआप हिंदू होतो, तोही वरच्या जातीचा. खुणेवाचून उभं राहण्याची सवलत एकालाच मिळते आणि बाकीच्यांनी ओळखपत्र अंगावर घालून यायचं असतं. साचा तयार होतो तो इथे, गोष्ट सुरू होण्याच्याही आधी.

हे घडतं कसं ते पाहायला मुंबईइतकी चांगली जागा नाही, कारण देशाने वाचलेल्या दोन मोठ्या चित्रमालिका याच शहरात जुळवल्या गेल्या. त्यांच्याही आधीचा एक धागा गिरगावात सापडतो. राजा रविवर्म्याने 1894 साली आपला शिळाछापखाना तिथे काढला (पुढे तो घाटकोपरला आणि मग मळवलीला गेला). तिथून निघालेल्या रंगीत तसबिरींनी लक्ष्मी-सरस्वतीला साडी नेसवली, उजळ कांती दिली, युरोपीय तैलचित्रातल्यासारखी गोलाई दिली. तसबीर घरोघरी लागली आणि देव असाच दिसतो हे ठरून गेलं. पुढच्या कॅलेंडरवाल्यांनी आणि चित्रकथावाल्यांनी तोच चेहरा उचलला. अनंत पै यांनी इंडिया बुक हाऊस या मुंबईच्या प्रकाशनसंस्थेसाठी 1967 साली ‘अमर चित्र कथा’ सुरू केली. मालिकेतली पहिली मूळ भारतीय गोष्ट ‘कृष्ण’, आणि ती राम वाईरकरांनी चितारली. त्यांच्यासमोर देवाच्या रूपाचा कोरा कागद नव्हता. वाचकाच्या घरातल्या भिंतीवर देव आधीच टांगलेला होता.

आता रंगाचं पाहू. जुन्या छपाईत रेखाटन काळ्या शाईत पक्कं झालं की रंगाचा वेगळा नमुना बनायचा. निळा, किरमिजी, पिवळा यांची ठरलेली टक्केवारी, आणि प्रत्येक रंगाची स्वतंत्र फिल्म. स्वस्त कागदावर बारीक छटा टिकत नसत, त्यामुळे कातडीसाठी हाताशी येणारे रंग मोजकेच उरायचे. अमेरिकेच्या जुन्या कॉमिक्समध्ये चिनी-जपानी माणसं अक्षरशः पिवळी छापली गेली ती याच रांगेतून. आपल्याकडे देवाला निळा मिळाला, राजाराणीला गुलाबी-गहू, आणि उरलेला तपकिरी गेला असुराकडे, रानातल्या माणसाकडे, नोकराकडे. पंढरपूरचा विठोबा काळ्या पाषाणाचा आहे आणि त्याचं सावळेपण गात मराठी माणूस आठ शतकं चालतो आहे. तरी मराठी चित्रकारांनीच रंगवलेल्या पानांवर काळेपणा बहुतेक वेळा राक्षसाच्या वाट्याला आला. छपाईच्या अडचणीमुळे रंग मोजके उरले हे मला पटतं. कोणाला कोणता द्यायचा हे मात्र यंत्राने ठरवलं नव्हतं.

‘अमर चित्र कथा’ने कबीर, रझिया सुलताना, चांदबिबी, अकबर, येशू ख्रिस्त यांच्यावर अंक काढले, 1979 साली बाबासाहेब आंबेडकरांवरही काढला. हे श्रेय खरं आहे आणि लहान नाही. पण स्वतंत्र अंकाचा नायक होणं वेगळं आणि दुसऱ्याच्या अंकातल्या गर्दीत दिसणं वेगळं. माझ्या मते कस लागतो तो गर्दीतच. मराठी वाचकाच्या सर्वांत ओळखीचा प्रसंग घेऊ: 10 नोव्हेंबर 1659, प्रतापगडाचा पायथा, शिवाजी महाराज आणि अफझलखान यांची भेट. चित्रकार दोन बाजू झटकन वेगळ्या दिसाव्यात म्हणून एकीकडे भगवा आणि गंध देतो, दुसरीकडे हिरवा आणि दाढी. हे केलं की इतिहासातली दोन माणसं अडचणीत येतात. महाराजांच्या निवडक अंगरक्षकांत सिद्दी इब्राहिम होता आणि खानाचा वकील होता कृष्णाजी भास्कर कुलकर्णी. रंगाच्या वाटणीप्रमाणे पहिला हिरव्यात जायला हवा आणि दुसरा भगव्यात. मग चित्रकार काय करतो? बहुतेकदा पहिल्याला वगळतो. पायदळाचा सरनोबत नूरखान बेग, आरमारातला दौलतखान हे असेच चौकटीबाहेर राहतात. दोन राज्यांमधली लढाई चित्रात दोन धर्मांची लढाई होते, आणि त्यासाठी लेखकाला एक शब्दही खोटा लिहावा लागत नाही. अशा चित्राचे परिणाम कागदावरच राहतात असंही नाही. 2009च्या गणेशोत्सवात मिरजेत कमानीवरच्या याच प्रसंगाच्या चित्रावरून दंगल पेटली होती.

आता दुसरी मालिका. बोरीबंदरसमोरच्या टाइम्सच्या इमारतीतून मार्च 1964 मध्ये ‘इंद्रजाल कॉमिक्स’ निघालं. पहिल्याच अंकात ली फॉक यांचा फँटम होता, मराठीतला आपला वेताळ. अमेरिकेत 1936 साली सुरू झालेल्या या गोष्टीत फॉक यांनी किपलिंगच्या जंगलकथा आणि टारझन यांतून कानावर आलेले हिंदी वाटणारे शब्द सढळ हाताने वापरले होते. नायकाच्या पूर्वजाचा घात करणाऱ्या समुद्री चाच्यांची टोळी ‘सिंग’ नावाची, त्याचा देश ‘बंगाला’, एका खुन्याचं नाव ‘रामा’. हे साहित्य मुंबईच्या संपादकांच्या टेबलावर आलं तेव्हा त्यांना लगेच खटकलं. सिंगचे झाले ‘सिंगा’, बंगालाचं ‘डेंकाली’, रामाचा ‘रामालू’. शिखांना, रजपुतांना, बंगाल्यांना, रामाच्या भक्तांना लागेल असं काही राहू नये ही काळजी योग्यच होती. चित्रात एक रेघही न बदलता, नुसती फुग्यातली अक्षरं बदलून साचा सैल करता येतो हे त्यांनी दाखवून दिलं.

पण त्याच टेबलावरून काय तसंच पुढे गेलं तेही पाहिलं पाहिजे. आफ्रिकेच्या रानातला कवटीच्या सिंहासनावर बसलेला गोरा माणूस, पिढ्यान्‌पिढ्या त्याला अमर समजून मान तुकवणाऱ्या काळ्या टोळ्या, विषारी बाणांचे बुटके बांडार, भाबडे आणि भित्रे गावकरी. यातलं काही खटकलं नाही. आफ्रिकी वाचक इंद्रजाल विकत घेणार नव्हता, त्याचं पत्र येणार नव्हतं. स्वतःच्या अंगाला टोचेल तेवढी सुई काढायची आणि दुसऱ्याला टोचणारी राहू द्यायची, ही त्या टेबलाची मर्यादा होती. ती आज आपल्या घराघरांतही शाबूत आहे. आफ्रिकी विद्यार्थ्याकडे आपण रस्त्यात ज्या नजरेने बघतो, त्या नजरेत त्या स्वस्त रंगीत पानांचाही वाटा आहे असं मला वाटतं.

मराठी आवृत्तीत आणखी एक गोष्ट घडली, आणि ती सुंदर आहे. लालबाग-परळच्या चाळींतली पुष्कळ कुटुंबं तळकोकणातली. वेंगुर्ल्याजवळच्या आरवलीला वेतोबाचं देऊळ आहे. तो रात्री गावाची राखण करत फिरतो आणि चालून त्याच्या वहाणा झिजतात, म्हणून भाविक त्याला भल्यामोठ्या चामडी वहाणा वाहतात. फॉक यांचा नायकही ‘चालणारं भूत’ म्हणून ओळखला जाणारा, रानाची राखण करणारा. ‘वेताळ’ या एका नावाने तो गोरा मुखवटेवाला कोकणी पोराच्या सीमेवरच्या देवाचा नातलग झाला.

1976 साली इंद्रजालला आपला देशी नायक मिळाला. डोंगरीत वाढलेल्या, जे. जे.त शिकलेल्या आबिद सुरतींनी ‘बहादूर’ लिहिला आणि गोविंद ब्राह्मणियांनी चितारला. केशरी कुर्ता आणि खाली जीन्स, दरोडेखोराचा मुलगा दरोडेखोरांविरुद्ध उभा. त्याच्या कुर्त्याच्या रंगाची आज जेवढी चर्चा होईल तेवढी तेव्हा झाली नाही.

यानंतर 2004 साली मुंबईचा स्पायडरमॅन आला: पवित्र प्रभाकर, मायाकाकू, भीमकाका, मुखवट्याखाली धोतरासारखी नेसण. कथा भारतीय करायचा प्रयत्न प्रामाणिक होता, पण भारतीय म्हणजे काय याचं उत्तर साच्यातलं होतं. अमेरिकन पीटरला किरणोत्सारी कोळी चावतो. आपल्या मुलाला योगी शक्ती देतो आणि खलनायक ताइतामुळे राक्षस होतो. विज्ञान त्यांचं, मंत्रतंत्र आपलं. तुर्भ्याला ‘अप्सरा’ अणुभट्टी 1956 पासून चालू होती. परळच्या हाफकिन संस्थेत सापाच्या विषावर काम होत आलं आहे, आणि ज्याचं नाव त्या संस्थेला आहे त्या माणसाने 1897 साली प्लेगची लस आधी स्वतःला टोचून घेतली होती. मुंबईच्या मुलाला कोळी चावायला जागांची वाण नव्हती. 2023च्या चित्रपटात हाच पवित्र पुन्हा आला, मराठीतही बोलला, आणि या खेपेस तो नुसता मजेत जगणारा, केसांवर जीव असलेला शहरी मुलगा होता. तो भारतीय आहे हे पटवायला त्याला योग्याची गरज पडली नाही.

साच्यातून सुटायचा एक हमखास मार्ग म्हणजे एका समाजाची एकाहून जास्त माणसं गोष्टीत आणणं. 2014 साली स्वतंत्र मालिका मिळालेली मार्व्हलची कमला खान न्यू जर्सीतली पाकिस्तानी घरातली मुलगी. तिचा भाऊ कर्मठ, वडील त्याच्या नोकरीच्या काळजीत, मैत्रीण स्वतःच्या मर्जीने हिजाब घेणारी आणि तिच्या वडिलांना ते फॅड वाटणारं. चार मुसलमान चार प्रकारचे असले की कोणा एकाला सगळ्यांचा प्रतिनिधी व्हावं लागत नाही. टोपी असली तरी चालते मग.

दुसरा मार्ग अधिक धाडसी, आणि तो आपल्या परळच्या माणसाच्या गोष्टीत सापडतो. पोयबावाडीच्या बी.आय.टी. चाळीत दोन दशकं राहिलेल्या, नंतर दादरला राजगृह बांधणाऱ्या बाबासाहेबांचं चरित्र परधान गोंड चित्रकार दुर्गाबाई आणि सुभाष व्याम यांनी 2011 साली ‘भीमायन’मध्ये काढलं. माणसांना चौकटीत कोंडायचं नाही असं ठरवून त्यांनी सरळ रेषांच्या चौकटीच टाकून दिल्या. त्यांच्या भिंतींवरची पारंपरिक दिग्ना नक्षी पानभर वळत जाते. गुलाबी-तपकिरीची वाटणी तिथे नाही. कोण सवर्ण, कोण अस्पृश्य हे कातडीवरून किंवा नाकावरून कळत नाही. ते बोलण्याच्या फुग्यावरून कळतं: मायेने बोलणाऱ्याचा फुगा पक्ष्याच्या आकाराचा, आणि जातीचं विष ओकणाऱ्याच्या फुग्याला विंचवाची नांगी.