पुळणीवर गाडी नेण्यापूर्वी

मार्गशीर्षातली गोष्ट. आमच्या घरची पिकअप गाडी सुक्या मासळीच्या गोण्या आणायला दापोली तालुक्यातल्या एका पुळणीवर गेली होती. गाडी कर्जावर घेतलेली, निम्मे हप्ते अजून फिटायचे. सकाळी ओहोटी होती. ओल्या वाळूवरून गाडी डांबरी सडकेवरून जावी तशी गेली. गोण्या भरल्या. परतताना मात्र भरतीच्या खुणेजवळ, जिथे वाळू कोरडी आणि भुसभुशीत असते तिथे, मागची चाके जागीच गरगरू लागली. पुतण्याने ॲक्सिलरेटर दाबला. चाके आणखी खाली गेली. त्याने पुन्हा जोर दिला. पाच मिनिटांत मागचा आस वाळूला टेकला.

जवळच जाळे सांधत बसलेले एक म्हातारे तांडेलकाका उठून आले. म्हणाले, "बाळा, आधी इंजिन बंद कर. आज वद्य द्वितीया. दीडच्या सुमारास भरती भरेल आणि उधाणाचे पाणी इथवर येईल. तुझ्याकडे अडीच तास आहेत, पण घाई करू नकोस."

गाडी दीड तासात निघाली. ना ट्रॅक्टर लागला, ना क्रेन. लागले ते एक फावडे, चार नारळीच्या झावळ्या, रिकाम्या गोण्या आणि काकांचा सल्ला. त्या दिवशी जे कळले ते सर्व गाडीवाल्या शेतकऱ्यांना उपयोगी पडेल म्हणून हा लेख. कोकणातल्या पुळणीवरच नव्हे, तर देशावर नदीच्या वाळवंटातून कलिंगडे भरून आणणाऱ्यांनाही हेच नियम लागू आहेत.

वाळू का गिळते?

वाळूचे कण एकमेकांना चिकटलेले नसतात. कोरड्या वाळूवर भार पडला की कण बाजूला सरकतात आणि चाक खाली जाते. ओहोटीनंतरच्या ओलसर वाळूत कणांमधल्या पाण्याचा पातळ थर त्यांना एकमेकांकडे ओढून धरतो, म्हणून ती घट्ट लागते. मुले किल्ला करतात तो ओल्या वाळूचाच. पण पाणी फार झाले तर हीच वाळू पुन्हा सैल होते. खाडीच्या मुखाशी आणि ओढा समुद्राला मिळतो तिथे वरून सपाट, चकचकीत दिसणारी वाळू आत पाण्याने भरलेली असते. तिथे गाडी कधीही घालू नये.

म्हणजे पुळणीचे तीन भाग समजावेत: मधला ओलसर पट्टा चांगला, वरचा कोरडा पट्टा कठीण, खाडीकडचा पाणथळ भाग धोक्याचा.

हवेचे गणित

काकांनी चारही चाकांची हवा सोडायला सांगितली, तेव्हा पुतण्या चक्रावला. हवा कमी म्हणजे गाडी जड, हा आपला सडकेवरचा अनुभव. वाळूत ते उलट आहे.

ढोबळ हिशेब करू. मालासह गाडी ३,००० किलो धरा. चार चाकांवर सारखी वाटणी केली तर एका चाकावर ७५० किलो, म्हणजे सुमारे १,६५० पौंड. (प्रत्यक्षात भरल्या गाडीच्या मागच्या चाकांवर जास्त भार येतो.) टायरमध्ये दर चौरस इंचाला ६० पौंड हवा असेल, तर टायर जमिनीला साधारण २७ चौरस इंच टेकतो. ही जागा जेमतेम दीड पोस्टकार्डाएवढी. हवा ३० पौंडांवर आणली की तोच टायर ५५ चौरस इंच, म्हणजे जवळजवळ तीन पोस्टकार्डांएवढा टेकतो. भार तोच, पण दुप्पट जागेवर वाटला गेला. चिखलाच्या वाटेवर फळी टाकून आपण चालतो ना, तसेच हे. टायर यात रुंदीपेक्षा लांबीने जास्त पसरतो. लांब पसरलेला टायर वाळू पुढे ढकलत न बसता तिच्यावर चढतो.

ही युक्ती आजची नाही. १९३० च्या आसपास राल्फ बॅग्नॉल्ड या इंग्रज लष्करी अधिकाऱ्याने आपल्या सोबत्यांसह लिबियाच्या वाळवंटात साध्या फोर्ड मोटारी नेल्या. टायरमधली हवा कमी करायची आणि रुतलेल्या चाकाखाली लोखंडी पन्हळ घालायची, या दोन उपायांवर त्यांनी उंटही जेथे कचरतात अशा वाळूच्या टेकड्या ओलांडल्या. पुढे महायुद्धात, १९४० साली, याच अनुभवावर त्यांनी वाळवंटात दूरवर फिरणारे लष्करी ट्रकपथक उभे केले. आपल्याकडे राजस्थानात उंटगाड्यांना विमानाचे जुने टायर लावतात, त्यामागेही हेच शहाणपण आहे. चाक रुंद असले की उंटाला ओढायला हलके जाते.

टायर कोणता घ्यावा?

दुकानदार विचारतो, "कशासाठी हवा?" तेव्हा वाळूचे नाव सांगू नका. आपली गाडी महिन्यातून दोनदा पुळणीवर जाते. बाकीचे दिवस ती घाटात, डांबरी सडकेवर आणि जांभ्या दगडाच्या वाटेवर चालते. टायर त्या वाटेसाठी घ्यावा. वाळूची सोय हवा कमी करून होते.

खोल खाचांचा 'लग' टायर वाळूत चांगला चालतो, हा समज चुकीचा आहे. भातखाचराच्या चिखलात खाली कठीण थर असतो. खोल खाचा चिखल कापून तिथवर पोचतात आणि पकड घेतात. वाळूत असा तळ हाताशी नसतो. तिथे खोल खाचांचे फिरते चाक फावड्यासारखे खड्डाच खणते. ट्रकला पुढे उभ्या रेषांचा 'रिब' आणि मागे 'लग' टायर लावण्याची पद्धत आहे ती सडकेसाठी व घाटासाठी योग्यच आहे. मात्र वाळूत मागची चाके गरगरू देऊ नयेत.

नायलॉन टायरची बाजू जाड असते. दगडधोंड्याच्या वाटेवर ती तग धरते. रेडियल टायरची बाजू लवचिक असते. तो सडकेवर कमी तापतो, जास्त टिकतो आणि हवा कमी केल्यावर चांगला पसरतो. पुळणीचे काम वारंवार असेल तर रेडियल बरा. पण एकाच आसावर एक रेडियल आणि एक नायलॉन असे कधीही करू नये. रिट्रेड केलेला टायर मागे चालेल, पुढे लावू नये.

घेताना तीन गोष्टी पाहाव्यात. एक, माप आणि भारक्षमता गाडीच्या पुस्तकातल्याप्रमाणेच असावी. दोन, आयएसआय चिन्ह असावे. तीन, बाजूवरचा चार आकडी शिक्का वाचावा. '३२२३' असेल तर तो टायर २०२३ सालच्या ३२ व्या आठवड्यात तयार झाला. दुकानात वर्षानुवर्षे पडलेला टायर स्वस्त मिळाला तरी रबर वाळलेले असते.

वाळूत चालवताना

आधी पायी जाऊन वाट पाहावी. टाच घोट्यापर्यंत रुतत असेल तर भरली गाडी नेऊ नये. शक्य तर गाडी वर सडकेलाच ठेवून गोण्या डोक्यावरून आणाव्यात. त्या दिवशी आम्ही ती मेहनत वाचवायला गेलो आणि दुप्पट मेहनत केली.

न्यायचीच असेल तर हवा कोरड्या वाळूत शिरण्यापूर्वी कमी करावी, रुतल्यावर नव्हे. भरल्या पिकअपची हवा निम्म्याखाली नेऊ नये. फार कमी केली तर रिममध्ये टायर फिरतो, ट्यूबचा वॉल्व्ह तुटतो, ट्यूबलेस टायर रिमवरून निसटतो. वेग सायकलीएवढा ठेवावा. गिअर आधीच खालचा टाकावा, मध्येच बदलू नये. वळण मोठे घ्यावे. थांबताना ब्रेक दाबू नये, कारण चाकापुढे वाळूचा उंबरा तयार होतो. गाडी आपोआप थांबू द्यावी, शक्यतो उताराकडे तोंड करून. आपल्याच चाकोरीतून परतावे, कारण तिथली वाळू दाबली गेलेली असते.

रुतलीच तर

चाक एकदा जागी फिरले की पाय काढावा. मग क्रम असा: माल उतरवा. चाकांपुढची वाळू उतार करून काढा आणि आसाखालची मोकळी करा. हवा कमी करा. चाकाखाली झावळ्या, गोण्या किंवा फळ्या सारा. जॅक लावायचा तर खाली रुंद फळी हवी, नाहीतर जॅकच खाली जातो. मग हळूच, शक्यतो आल्या वाटेने मागे, गाडी काढा. त्या वेळी चाकांच्या पुढेमागे कोणी उभे राहू नये, चाकाखालची फळी उडून लागते. दोराने ओढताना ताणलेल्या दोराजवळ मुलाबाळांना येऊ देऊ नका.

डांबरी सडकेला लागण्यापूर्वी हवा पुन्हा भरावी. कमी हवेचा टायर भरधाव चालला की सतत दुमडून तापतो आणि फुटतो. म्हणून बॅटरीवर चालणारा पंप आणि हवा मोजायचे यंत्र गाडीतच हवे. हवेचे ब्रेक असलेल्या अनेक ट्रकांना टाकीतून हवा भरण्याची सोय असते. घरी आल्यावर गाडी खालून गोड्या पाण्याने धुवावी, नाहीतर खारे पाणी पत्रा आणि ब्रेक खाऊन टाकते.

तिथीचा हिशेब

किनाऱ्यावरची जुनी माणसे तिथीला पाऊणने गुणून भरतीची वेळ काढतात. चतुर्थीला चार गुणिले पाऊण म्हणजे तीन, तेव्हा तीनच्या सुमारास भरती आणि नऊच्या सुमारास ओहोटी. अष्टमीला सहाच्या सुमारास भरती. हा अंदाज आहे, त्यात थोडा फरक पडतो. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण असते आणि पाणी नेहमीपेक्षा वर चढते. अष्टमीच्या आसपास भांग असते आणि पाणी बेताने चढते. गाडी नेहमी ओहोटी लागल्यावर न्यावी आणि पाणी फिरण्यापूर्वी वर आणावी.

आणखी एक गोष्ट. साधारण नोव्हेंबरपासून पुढे उन्हाळ्यापर्यंत वेळास, आंजर्ले, गुहागर अशा किनाऱ्यांवर समुद्री कासवे कोरड्या वाळूत अंडी घालतात. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने वेळासला २००२ पासून गावकऱ्यांच्या मदतीने ती जपण्याचे काम सुरू केले. गाडीने घरटी दडपतात, आणि चाकोरीत पडलेले बोटभर पिल्लू पाण्यापर्यंत पोचत नाही. म्हणून त्या पट्ट्यात गाडी नेऊ नये. अनेक किनाऱ्यांवर वाहनांना बंदी असते, तीही पाळावी.

आमच्या गाडीत आता दोन फळ्या, एक फावडे आणि पंप कायम असतो. पुतण्या पुळणीकडे निघाला की वहिनी स्वयंपाकघरातून आधी विचारते, "आज तिथी कोणती?" उत्तर मिळाल्याशिवाय ती किल्ली देत नाही.